भाताचे छत्तीस पुडे

म्बाह पोनिराहनं लढाईच्या दिवसांत डच शिपायांना स्वतःच्या हातानं भात खाऊ घातला, अशी बातमी गेल्या जुलैत आमच्या कालितेलु गावात पसरली. सकाळी विहिरीवरून निघाली तेव्हा तिच्यात नुसता भातच होता. बाजारात पोचेपर्यंत त्यावर तळलेली मासळी आली. दुपारच्या नमाजापर्यंत म्बाह त्या शिपायांना पंख्यानं वारा घालायला लागली, आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत तिचा एका गोऱ्या हवालदाराशी निकाह लागायचाच काय तो बाकी होता.

यातला भात तेवढा खरा. बाकी सगळं खोटं, आणि भाताचंही जे सांगितलं ते उलटं. तिनं वाढला नव्हता, तिच्या पाठीवरून तो हिसकावला होता. हे आज मी छातीवर हात ठेवून सांगते. पण विहिरीपासून बाजारापर्यंत ही बातमी कुणाच्या टोपलीतून गेली, तेही सांगायला हवं. माझ्याच. मी टेंपे विकते. सोयाबीनच्या त्या वड्या केळीच्या पानात बांधून देताना गिऱ्हाईक दोन मिनिटं उभं राहतं, आणि समोर उभ्या माणसाशी गप्प राहणं मला जमत नाही. त्या दिवशी माझी टोपली नेहमीपेक्षा लवकर रिकामी झाली. मला वाटलं, टेंपे चांगलं उतरलंय.

माझं घर म्बाहच्या घराला लागून. मध्ये जास्वंदीचं कुंपण आहे, ते मी मुद्दाम नीट छाटत नाही आणि मुद्दाम फार वाढूही देत नाही. माझ्या चुलीपुढे बसलं की तिचं मागचं दार सरळ दिसतं. तीस वर्षं मी ते दार पाहत आलेय, आणि तीस वर्षं त्याचा अर्थ चुकीचा लावत आलेय. ते पुढे येईल.

म्बाह म्हणजे आजी, आजोबांनाही आम्ही तेच म्हणतो. ही म्बाह चौसष्ट वर्षांची. अंगानं सुकटीसारखी, पाठ टोपलीच्या ओझ्यानं वाकलेली, जीभ मात्र सरळ. पोनच्या बाजाराला जन्मली म्हणून पोनिराह. आमच्याकडे सात वारांच्या जोडीनं पाच बाजारांचा आठवडाही चालतो: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. जन्म, लग्न, मयत, सगळं या जोडीवर मोजायचं. नुसता सोमवार सांगून इथं कुणाचं समाधान होत नाही, सोमवार कुठला ते सांगा.

बाजाराच्या दिवशी म्बाह भाताचे पुडे विकते. तिचा पुडा लांबून ओळखू येतो. आत केळीचं पान, बाहेर सागाचं, आणि नारळाच्या हिराची काडी दोनदा टोचलेली. बाकीच्या बाया एकदाच टोचतात. मी एकदा विचारलं, एवढी मेहनत कशाला? तर म्हणाली, धावणाऱ्या माणसाला एका काडीचा पुडा पुरत नाही. मी हसून सोडून दिलं. आमच्या बाजारात धावतं कोण? पैसे न देता पळणारा एखादा, तेवढाच.

आता लुराह हार्यांतोकडे येऊ. लुराह म्हणजे गावचा मुख्य. माणूस वाईट नाही, पण केसांना कलप लावल्यापासून त्याला आरशाबाहेरचं फार दिसत नाही. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होणार, गावोगावी स्मारकं उभारा, असा वरून हुकूम आला. शेजारच्या गावानं बांबूचे भाले सिमेंटात घडवून उभे केले, पलीकडच्यांनी कमान. आमच्या गावाला खरी लढाई होती, पुलाची. स्वातंत्र्य जाहीर झालं तरी डच परत आले होते; त्यांनी घेतलेल्या शहरावर आपल्या पोरांनी सहा तास ताबा मिळवला, त्यानंतर आठ-दहा दिवसांनी झालेली. अकरा जण पडले, पण पूल उडाला, आणि डचांचे ट्रक दीड महिना डोंगराकडे फिरकू शकले नाहीत. स्मारक आमच्याकडे नाही तर कुठे?

पण लुराहनं ठरवलं की त्या लढाईचा म्होरक्या म्हणजे त्याचे वडील, दिर्जो. मुंतिलानच्या पाथरवटाकडे पुतळासुद्धा सांगून टाकला. त्याचा फोटो लुराह खिशात घेऊन फिरायचा. छाती पुढे, हनुवटी वर, हातात बंदूक, आणि तोंडवळा दिर्जोपेक्षा लुराहचाच जास्त. दिर्जोकाका मला चांगले आठवतात. शाळेत कारकून होते, तीन वर्षांपूर्वी वारले. अतिशय मऊ माणूस. बंदूक राहू द्या, छत्रीसुद्धा दोन्ही हातांनी धरायचे.

एक अडचण होती. वरच्या कचेरीला, लढाई डोळ्यांनी पाहिलेल्या जिवंत माणसाचा अंगठा हवा होता. त्या काळातलं, पुलाशी ज्याचा संबंध आला असं, गावात एकच माणूस उरलं होतं. म्बाह पोनिराह.

इथंच माझ्या डोक्यात तिडीक जाते. चौदा वर्षांपूर्वी हीच म्बाह लढवय्यांच्या नोंदीसाठी तालुक्याला गेली होती. पायी. तिथं टेबलामागच्या माणसानं विचारलं, बंदूक चालवली? नाही. भाला? नाही. मग केलंत काय? म्हणाली, रांधलं आणि पोचवलं. तो म्हणाला, आजी, स्वयंपाक म्हणजे लढाई नव्हे. ती परत आली आणि दुसऱ्या दिवशी पुडे बांधायला बसली. तेव्हा त्या अंगठ्याची किंमत शून्य होती. आता त्याच अंगठ्यासाठी जीप दारात.

लुराह आला तेव्हा मी कुंपणाशी जास्वंदीची पानं तोडत होते. एकेक करून, सावकाश. त्यानं दोन किलो साखर, चहाचा पुडा आणि एक बाटिकचं कापड पडवीत मांडलं, आणि आवाजात मध घालून बोलायला लागला.

"म्बाह, तुमच्या आशीर्वादानं सगळं झालंय. फक्त अंगठा राहिलाय."

"कशावर?"

"बाबांनी पुलावर आपल्या पोरांचं नेतृत्व केलं, एवढंच. तुम्हाला तर माहीतच आहे. दरवर्षी त्या पोरांच्या केंदुरीला बाबा तांदूळ द्यायचे. मी लहानपणी पाहिलंय, स्वतः टोपली घेऊन निघायचे. सोबत लढलेल्यांसाठी एवढं कोण करतं?"

केंदुरी म्हणजे गेलेल्यांच्या नावानं शेजाऱ्यांना चटईवर बसवून दुआ करायची, भात वाढायचा आणि एक एक पुडा घरी न्यायला द्यायचा. म्बाह दरवर्षी पुलावरच्या अकरांची घालते. तांदळाचं ऐकून तिनं साखरेच्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "दगडावर त्या अकरांची नावं आहेत का?"

दगड लहान आहे, लुराह म्हणाला. वर बाबांचं नाव, खाली 'आणि इतर'.

"इतर कोण? तुकिजो माझा नवरा होता. माझ्या घरात इतर म्हणून कुणी झोपत नव्हतं."

लुराह हसला, पण घामेजला. म्हणाला, बरं, तुकिजोचं नाव घालू. तिनं बोटांवर आणखी सहा नावं सांगितली. उरलेले चौघे शहरातले शिकणारे होते, कुणी खरं नाव सांगत नसे, पकडलं गेल्यावर घरच्यांना त्रास नको म्हणून. त्यांना ती जेवणावरून ओळखायची. एक मिरची नको म्हणणारा. एक डावखुरा, चुकून डाव्या हातानं घास घेऊन मग माफी मागणारा. एक जेवलेलं पान ओढ्यात धुऊन परत देणारा, पुन्हा वापरा म्हणून. आणि एक जो कधी काही बोललाच नाही. असंच कोरा, तिनं सांगितलं.

"सरकारी दगडावर 'मिरची नको म्हणणारा' कसं कोरू, म्बाह? लोक हसतील."

"त्या फोटोला हसतील त्यापेक्षा कमी."

मग साखरेची पिशवी तिनं त्याच्या पायाशी सरकवली. म्हणाली, घेऊन जा, घरात मुंग्या आधीच खूप आहेत. अंगठा काही उठला नाही.

बातमी त्यानंतर तिसऱ्या दिवशी विहिरीवर आली. लुराहच्या पडवीतून निघाली, हे विहिरीवरच्या बादलीलासुद्धा कळत होतं. दिर्जोकाकांनी कधीतरी घरात अर्धं काही बोलून टाकलं असेल, उरलेलं अर्धं लेकानं जुळवलं. हेतू उघड होता. जी बाई डचांना भात घालत होती, तिच्या नकाराला कोण विचारतो? तिला बाजूला सारायचं आणि ऐकीव सांगणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचे अंगठे घेऊन काम उरकायचं. सभाही ठरली, तालुक्याचे साहेब येणार होते. आणि मी, शहाणी सार्मी, लुराहची ही हमाली फुकट करून आले.

दुसऱ्या दिवशी म्बाह माझ्या टोपलीपुढे येऊन उभी राहिली. टेंपेच्या चार वड्या घेतल्या. मग म्हणाली, "सार्मी, वडीबरोबर सगळ्यांना काय काय देतेस म्हणे. मला पण दे की. माझ्या घरची बातमी मलाच शेवटी कळते."

मी मान खाली घातली. ती म्हणाली, दुपारी ये, पुडे बांधायला हात हवाय.

गेले. मागच्या दाराच्या पायरीवर आम्ही दोघी बसलो. ती पान दुमडायची, मी काडी टोचायची. दोनदा. आणि टोचता टोचता मी जे ऐकलं, ते आता सांगते.

डचांनी शहर घेतलं तेव्हा आपले शिपाई आणि पोरं डोंगरात गेली. त्यांना खायला घालणारं सैन्य वेगळं होतं, लुगड्यातलं. गावागावात चुली पेटायच्या आणि बाया पाठीवरच्या टोपलीत पुडे घेऊन निघायच्या. वाटेत डचांची गस्त. एकटी बाई आणि एवढा भात? कुणासाठी? तर बायांनी उत्तर शोधून ठेवलं होतं. केंदुरी. मयताच्या तिसऱ्या दिवसाची, सातव्याची, चाळिसाव्याची, शंभराव्याची. गोऱ्यांना हे माहीत झालं होतं की हे लोक मेलेल्यांच्या नावानं सारखा भात वाटत असतात. ते नाक मुरडून सोडून द्यायचे. त्या दोन-तीन महिन्यांत आमच्या गावात जेवढी माणसं कागदावर मेली, तेवढी पटकीतसुद्धा मेली नसतील.

पोनिराह तेव्हा अठराची, लग्नाला चार महिने. तिनं या कामासाठी सासऱ्याला मारलं होतं. सासरे, म्बाह कार्तो, ठणठणीत होते आणि परसात चटया विणत होते. गस्त दिसली की त्यांना भाताच्या कणगीमागे जाऊन बसावं लागायचं. ते फार रागावत. मरायला हरकत नाही, म्हणायचे, पण माझ्याच केंदुरीचा पुडा मला मिळत नाही ही कुठली रीतभात? सातव्या दिवसाच्या वेळी गस्तीनं तिला अडवलं होतं, तेव्हा ती सांगून बसली होती की सासरे सोमवारी, वागेच्या बाजाराला वारले.

पुलावर हल्ला दुसऱ्या दिवशी पहाटे, असा निरोप आला. बुधवार होता, लेगीचा. छत्तीस पोरं पुलाजवळच्या बांबूच्या बेटात. पाच बंदुका, बाकी भाले, आणि कुठूनतरी उकरून आणलेला एक न फुटलेला विमानातला बॉम्ब. तो पुलाखाली बांधायचं काम तुकिजोचं. पोनिराहनं छत्तीस पुडे बांधले आणि निघाली. वडाखाली गस्त उभी. आणि गस्तीबरोबर, यावेळी पहिल्यांदाच, आपला माणूस. तेव्हा साखर कारखान्यात कारकून असलेला, डच भाषा येणारा, पांढरा सदरा घातलेला दिर्जो.

अधिकाऱ्यानं विचारलं, दिर्जोनं आमच्या भाषेत विचारलं, भात कशाचा? घाईत तिच्या तोंडून निघालं, सासऱ्यांच्या चाळिसाव्याचा, आणि कधी वारले असं दिर्जोनं विचारल्यावर गस्तीला आधी सांगितलेलंच, सोमवारी, वागेला.

म्बाह मला म्हणाली, त्या गोऱ्याला काय कळणार होतं? त्यानं जा म्हणून हात हलवला होता. पण दिर्जोचा हात वर आला. तो बोटं मोजायला लागला.

आमच्यात मोजायची रीत पोरासोरांनाही पाठ असते. चाळिसावा दिवस मयताच्या वारापासून पाचवा वार आणि बाजारापासून पाचवा बाजार. सोमवार धरून पाचवा शुक्रवार. वागे धरून पाचवा पोन. म्हणजे चाळिसावा शुक्रवारी, पोनला. केंदुरीचा भात गुरुवारी संध्याकाळी. आणि ही बाई बुधवारी दुपारीच पुडे घेऊन निघालेली. एका दिवसाची चूक. ती करू शकतो तो आपला माणूस आणि पकडू शकतो तोही आपलाच. शंभर वर्षं शोधून डचांना ती सापडली नसती. आजीनं गेलेल्या माणसाला नीट निरोप देता यावा म्हणून शिकवलेलं गणित. त्या गणितानं दिर्जोनं जिवंत पोरं मोजून दिली. मग त्यानं टोपली उतरवली आणि पुडेही मोजले. छत्तीस. अधिकाऱ्याला आकडा कळला, आणि ती कुठल्या बाजूला निघाली होती तेही कळलं.

शिपाई वडाखाली बसले आणि सगळा भात खाल्ला. कुणी तीन पुडे, कुणी चार. काड्या तिच्या पायाशी फेकत होते. मग तिला सांगितलं, जा आता. मागून कुणीतरी येणार हे तिला कळलं. म्हणून ती गेलीच नाही. तिथंच वडाखाली रिकामी टोपली मांडीवर घेऊन दिवस मावळेपर्यंत बसून राहिली. पोरांपर्यंत ना भात पोचला, ना निरोप.

डच पहाटे पुलावरून आलेच नाहीत. मागच्या उसातून आले, छत्तीस जणांना पुरतील एवढे. तरी पोरांनी ऊन माडांच्या शेंड्याला लागेपर्यंत त्यांना रोखून धरलं. तुकिजोनं पुलाखाली वात पेटवली आणि तिथून बाहेर आला नाही. पूल गेला. अकरा जण गेले. त्यांना बेटातच पुरलं.

"मेले याचं मी काय बोलू, लढाईच होती," म्बाह पान दुमडत म्हणाली. "पण उपाशी गेले, सार्मी. तो मिरची नको म्हणणारा, त्याचा पुडा मी वेगळा बांधला होता. खूण म्हणून काडी तिरकी टोचली होती."

माझ्या हातातली काडी बोटात गेली.

डच गेल्यावर पुढच्या वर्षी दिर्जो तिच्या अंगणात येऊन उकिडवा बसला. म्हणाला, माझ्या पाठीला बंदूक होती, आणि मला वाटलं भात जप्त करतील, एवढंच. ती म्हणाली, माझ्याही पाठीला होती, मी मोजलं नाही. तो रडला. तो रडायला लागल्यावर तिला त्याचा कंटाळा आला, असं तिनं मला सांगितलं. गावात बोभाटा करून काय होणार होतं? त्याची बायको गरोदर होती, पोटात हाच आजचा लुराह. तिनं एवढंच सांगितलं की ती पोरं उपाशी गेलीत. दरवर्षी त्यांच्या केंदुरीला छत्तीस जणांचा तांदूळ तू आणायचास. आणि मागच्या दारानं यायचं. पुढच्या दारातून तुकिजो गेलाय.

बेचाळीस वर्षं दिर्जोनं तांदूळ आणला. सकाळी लवकर, डोक्यावर टोपली, मान खाली, मागच्या दाराला. एकही वर्ष चुकवलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. आणि इकडे मी चुलीपुढे बसून ते बघायचे आणि काय समजायचे? की कारकुनाचा विधवेवर जीव आहे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायांना मी ते सांगूनही टाकलं होतं, दिर्जोकाकांच्या मिशीला तेल कधी लागतं याच्या तारखांसकट. आता ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. म्बाहला ते सगळं ठाऊक होतं. तिनं एवढंच म्हटलं की तुझ्या गप्पांमुळे खरं झाकलेलं राहिलं, तेवढा तुझा उपयोग झाला.

मी विचारलं, मग सभेत सांगणार का? ती म्हणाली, माझ्यापुरतं मी पुडीत बांधून टाकलं होतं. पण आता त्या पोरांच्या डोक्यावर त्याला उभा करतायत. 'इतर' लिहून. ते होऊ देणार नाही.

सभा सकाळी होती, गावच्या मांडवात. सगळे चटयांवर, तालुक्याचे साहेब खुर्चीवर. लुराहनं बापाच्या शौर्यावर एवढं लांब भाषण केलं की पुढ्यातला चहा दोनदा गरम करावा लागला. त्यात तांदळाची गोष्टही आली, आणि दुसऱ्या बाजूला शत्रूला अन्न देणारेही गावात होते अशी टाचणीही. सगळ्या माना म्बाहकडे वळल्या. साहेबांच्या कानावर बातमी गेलेली असावी. त्यांनी सरळ विचारलं, आजी, तुमचा भात डच शिपायांनी खाल्ला हे खरं का?

"खरं. छत्तीस पुडे. आकडा मला माहीत आहे, कारण दिर्जोनं मोजले तेव्हा मी समोर होते."

मग तिनं ते सगळं सांगितलं, वडापासून उसापर्यंत. आवाज चढवला नाही. बोटं मात्र वर करून दाखवली, दिर्जोनं मोजली होती तशी, सोमवार ते शुक्रवार, वागे ते पोन. मांडवातल्या म्हाताऱ्यांची बोटंही आपोआप तिच्याबरोबर मोजायला लागली, आणि शेवटच्या बोटावर सगळी एकदम थांबली.

लुराहचा चेहरा कलपाच्या रंगाचा झाला. तो म्हणाला, पुरावा काय? मेलेल्या माणसावर काहीही बोलता येतं. बाबांनी बेचाळीस वर्षं तांदूळ दिला, तो काय गुन्हेगार म्हणून?

तेव्हा मोदिन कासान उठले. ते गावात दुआ सांगतात, बोलतात फार कमी. म्हणाले, त्या अकरांची केंदुरी दरवर्षी मी करतो. तो तांदूळ मी खाल्लाय, चांगला असायचा. सगळे शेजारी चटईवर बसायचे. पण एवढ्या वर्षांत दिर्जो एकदाही बसला नाही.

इथं शेजाऱ्याच्या केंदुरीला न बसणं म्हणजे काय, ते कुणाला सांगावं लागत नाही. भांडण झालेला बसतो, आजारी टेकून बसतो. आणि आपल्याच पोरांचा म्होरक्या म्हणवणारा, तांदूळ पाठवणारा माणूस बेचाळीस वर्षं त्या चटईवर आला नाही. मी मागच्या रांगेतून ओरडून सांगितलं की तांदूळ मागच्या दारानं यायचा, मी स्वतः पाहिलाय. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चुलीपुढच्या बातमीवर कुणी हसलं नाही.

साहेबांनी फाइल बंद केली. पुतळ्याचं राहू द्या, म्हणाले, दगड उभा करू. अकरा ओळींचा. आणि मग त्यांना तरी काय सुचलं कोण जाणे, कारकुनाला म्हणाले, मिरचीवालंही लिहून घ्या.

लुराह बसूनच होता. त्याच्याकडे बघून, खरं सांगते, मला जरा वाईट वाटलं. बापाला टोपली घेऊन निघताना पाहिलेलं पोर ते. लोक उठायला लागले तसा तो म्बाहजवळ येऊन उकिडवा बसला, बाप बसला होता तसाच. हळूच म्हणाला, "म्बाह, मग बाबांचं नाव कुठेच नको का?"

म्बाहनं टोपली पाठीला बांधली, फडक्याला गाठ मारली, आणि म्हणाली, "लिही की. पण दगडाच्या मागच्या अंगाला लिही. बेचाळीस वर्षं तो मागच्याच दारानं यायचा, त्याला समोरून यायची सवय नाही."